लोखंडी झाडं आणि गुणमालेचा नियम

१ नोव्हेंबर, शनिवार

अखेर आज सांगलीला जाऊन ‘चैत्रबन’ पाहिलं. बाग उघडून वर्ष होत आलं, आमच्या नांद्र्यातली शेंबडी पोरंसुद्धा बघून आली, मीच राहिलो होतो. नव्या गोष्टीकडं पहिल्या वर्षात फिरकायचं नाही हा माझा शिरस्ता. गर्दीत माणूस गर्दीच बघतो, वस्तू बघत नाही.

वस्तू मात्र बघण्यासारखी आहे, हे मान्य करतो. मधोमध पाच लोखंडी झाडं. एकेक चार मजल्यांइतकं उंच. बुंधा म्हणजे सळ्यांचा पिंजरा, आणि वाऱ्यानं छत्री उलटी व्हावी तशा वर पसरलेल्या फांद्या. पिंजऱ्यांवर वेल चढवलेत. मधुमालती, कृष्णकमळ, गारवेल, बोगनवेल. मधल्या झाडावर जुई आहे, पण खाली पाटीवर ‘जाई’ लिहिलंय. जाई वेगळी, जुई वेगळी. पहारेकऱ्याला बोलावून सांगितलं. हा म्हसवडकडचा सिद्धू, कपाळाला भंडारा, मिशा वर वळवलेल्या. पाटीकडं बघून म्हणाला, “आण्णा, वास येतोय न्हवं?” अशा माणसाशी काय बोलणार.

त्यानंच माझा कॅमेऱ्याचा स्टँड गेटवर ठेवून घेतला. कॅमेरा हातात धरून काय काढायचं ते काढा, तीन पायांचं काही आत न्यायचं नाही, असा वरून हुकूम आहे म्हणे.

गेटवरच जाहिरात लावलीय. बागेला वर्ष झाल्याबद्दल ‘दिवस-रात्र’ नावाचं छायाचित्रांचं प्रदर्शन. जागा तीच, चौकट तीच, माणूस तोच, फोटो दोन. एक उन्हातला, एक दिव्यांतला. दहा डिसेंबरपर्यंत द्यायचे. वाचता वाचताच मला माझी जोडी दिसली. मधलं झाड, आणि त्याच्याखाली गुणमाला.

कारण लिहून ठेवतो. साऱ्या नांद्र्याची बारशी आणि लग्नं मी काढली, घरच्या बाईचा धड फोटो नाही. हे एक. दुसरं जास्त खरं. गेली दोनेक वर्षं तिचं माझ्या कामातलं लक्ष उडालंय. आधी तसं नव्हतं. मी फोटोग्राफी कुणाकडं शिकलो नाही, पुस्तकं वाचून आणि फिल्मा नासवून स्वतः शिकलो. अंधाऱ्या खोलीत कागद औषधात बुडवला की गुणमाला दाराबाहेर उभी राहून मोठ्यानं आकडे मोजायची, आणि प्रिंट वाळली की पहिली चूक तीच काढायची. ते सोडलं तर शिकलो मी एकटाच. हल्ली काहीही दाखवलं की “छान हाय” म्हणते आणि उठून जाते. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून ‘छान’ ऐकायची मला सवय नाही. ही जोडी तिला घेऊन करायची. जमलं तर ती परत माझ्या कामात येईल.

३ नोव्हेंबर, सोमवार

गुणमालाला विचारलं. शेंगा फोडत बसली होती. दिवसा येते म्हणाली, इरकल नेसून येते म्हणाली. दिवे लागल्यावरचं मात्र नाही. “माझा नियम हाय, ठावं हाय न्हवं तुमाला.”

ठाऊक आहे. चातुर्मासात गावात मुनी महाराज होते. त्यांच्यासमोर तिनं नियम घेतला, दिवस मावळल्यावर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला वाटलं चार महिन्यांचा असेल. दिवाळी झाली, महाराज विहार करून गेले, हिचा नियम चालूच. वर्षाचा घेतलाय म्हणते.

आमच्या जैनांच्या घरात कुणी नियम घेतला की का घेतलास म्हणून विचारत नाहीत. दुसऱ्याच्या नियमात आडवं येणाऱ्याला अंतराय कर्म लागतं. आईनं एके वर्षी गूळ सोडला. ती जाईपर्यंत कुणी कारण विचारलं नाही, आणि आता विचारणार कुणाला? मी देवाधर्मातला फारसा नव्हे, रात्री न जेवण्यापुरता जैन. पण एवढं पाळतो.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बागेचे दिवसाचे फोटो टीव्हीला जोडून गुणमालाला दाखवले. हल्ली प्रिंट काढतो कोण, टीव्हीवर सगळं मोठं दिसतं. ती नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती. प्रत्येक फोटोला ‘छान’. शेवटी मी मुद्दाम एक घालवलेला फोटो लावला. झाड दारू प्यायल्यासारखं कलंडलेलं, खाली कुणाचं तरी अर्धं डोकं.

“ह्योबी छान हाय,” म्हणाली.

वाईट वाटलं. भाकरी करपली तर मी सांगतो. तिनंही सांगावं.

एक गोष्ट मात्र कौतुकाची. स्टँड आत नेता येत नाही म्हणून मी वाळूच्या पिशवीची युक्ती काढली. कठड्यावर पिशवी ठेवायची, तिच्यात कॅमेरा रुतवायचा, मग तो हलत नाही. माझी स्वतःची युक्ती आहे. आधी मी जोंधळे भरू म्हणत होतो, पण जोंधळ्याला कीड लागते, उगाच जीव मरतील, म्हणून तिनं वाळू चाळली, धुतली, वाळवली आणि पिशवी शिवून दिली. सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवला! पन्नाशी उलटलेली बाई. दोन वर्षांपूर्वी तिला जवळचा चष्मा लागायचा, आता तो डब्यात पडून आहे, आणि मला मात्र बारीक अक्षर दिसत नाही. म्हणालो, तुझे डोळे तरुण होत चाललेत. हसली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एकटाच जाऊन संध्याकाळची चौकट ठरवली. रात्रीचा फोटो रात्री काढायचा नसतो, हे शंभरात नव्वद फोटोग्राफरांना माहीत नाही. आकाश काळंकुट्ट झालं की दिवे भोकांसारखे दिसतात. सूर्य बुडाल्यावर थोडा वेळ आकाश दौतीतल्या शाईसारखं निळं असतं. तेव्हा दिवेही लागलेले असतात आणि फांदी न फांदी वेगळी दिसते. तेवढ्यात उरकायचं.

माझं जेवण मात्र त्याच्याही आधी. बाकावर बसून डबा उघडला. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. सिद्धू लांबून बघत होता. जवळ येऊन म्हणाला, “आण्णा, कोंबड्यासंगं जेवताय व्हय?” मी भाकरी पुढं केली. चटणीत लसूण नाही म्हणून हळहळला, पण हात आखडला नाही.

मग दिवे लागले. आधी बुंध्यातून हिरवा उजेड वर चढतो. वेलांची पानं आतून पेटल्यासारखी दिसतात. मग फांद्यांच्या टोकांना पिवळे दिवे लागत जातात, आरतीचं तबक फिरावं तसे. सगळी बाग क्षणभर गप्प होते आणि मग पोरं एकदम ओरडतात. मीही बटण दाबायचं विसरलो. हे बाहेर कुणाला सांगणार नाही.

गुणमालाच्या जागी सिद्धूला उभं केलं. हातातली काठी सोडायला तयार होईना. फोटोत तो झाडाला पकडून चौकीत नेतोय असं दिसतंय. त्याला भयंकर आवडला. बायकोला, हरणाबाईला, तिथूनच मोबाइलवर पाठवायला लावला.

घरी आलो तर गुणमाला सोप्यातले, स्वयंपाकघरातले, परड्यातलेसुद्धा दिवे लावून मधे बसली होती. हल्ली दिवस मावळायच्या आतच लावते. म्हणालो, घराचंही चैत्रबन केलंस की. म्हणाली, तुमाला लांबनं घर दिसावं म्हणून.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बस्तीतले पुजारी, उपाध्ये, रस्त्यात भेटले. गुणमालाक्का संध्याकाळच्या आरतीला दिसत नाहीत, प्रकृती बरी आहे ना, म्हणाले. मी सांगितलं, नियम आहे. ते थांबले. “आरती चुकवायचा नियम कोण देतंय, आण्णा?”

बस्तीचा कळस आमच्या दारातून दिसतो. एवढ्याशा अंतरावरच्या देवाला जायचं नाही, असा नियम कुठले महाराज देतील? मला हे आधीच खटकायला हवं होतं. दुसऱ्यांच्या फोटोतली काडी हललेली मला दिसते.

संध्याकाळी प्राचीचा फोन आला. आमची मुलगी साताऱ्यात बँकेत आहे. आई साताऱ्याला का येत नाही, म्हणून तिची तक्रार. दुपारच्या गाडीनं ये म्हटलं तरी, गाडी कराडात नाहीतर उंब्रजला अडकली तर पोचायला अंधार होईल म्हणते. “पप्पा, आईचं काहीतरी बिनसलंय. तुम्ही विचारा.” मी म्हणालो, नियमाचं विचारत नसतात. ती म्हणाली, “मग नियमाचं नका विचारू, आईचं विचारा.” बँकेत राहून पोरगी वकिलासारखी बोलायला लागलीय.

मी विचार केला. माझा तर्क असा की गुणमाला माझ्यावर रागावलीय. तिच्या भाच्याच्या लग्नात मी तिथल्या फोटोग्राफरच्या चुका भर मांडवात काढल्या होत्या. तेव्हापासून संध्याकाळच्या कुठल्या समारंभाला ती माझ्याबरोबर आलेली नाही. नियमाचं निमित्त आहे. राग काढायचा तर तिला एकदा दिव्यांच्या झाडाखाली उभं करायलाच हवं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काल लिहायला बसलो नाही. आज सगळं क्रमानं लिहितो.

काल दुपारी तिला स्कूटरवरून चैत्रबनात नेलं. मोरपंखी इरकल, मोठी चंद्रकोर. सिद्धूनं गेटवरच रामराम घालून “वैनी, आण्णांच्या भाकरीवर आमचं प्वाट चाललंय” म्हणून सांगितलं. ती खूश. जुईखाली उभी केली तर उन्हात डोळे फार बारीक करत होती. ऊन डोळ्यात घुसतंय म्हणाली. मी वैतागलो, पण ढग आल्यावर फोटो चांगला मिळाला. हनुवटी, खांदा, पदर, सगळं जागच्या जागी.

त्यानंतर मी जे केलं ते बरोबर नव्हतं. माझा हिशेब असा होता. दिवस मावळल्यावर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम. आपण आधीच बाहेर आहोत आणि दिवस मावळला, तर पाऊल टाकलं कुठं? शब्दाला धरून मी खरा होतो. म्हणून वेळ काढत राहिलो. सावकाश जेवलो. काचघरातली ऑर्किडं एकेक करून दाखवली. कॅमेऱ्यात नसलेला बिघाड शोधत बसलो. ती निघूया म्हणत होती. आधी साधं म्हणाली, मग रागानं म्हणाली, आणि मग म्हणायचीच थांबली.

दिवे लागले. ती झाडाखाली कठड्याला टेकून उभी होती. मी समोरच्या कठड्यावर पिशवी मांडून कॅमेरा रुतवला. माझ्या पाठीशी दोन झाडं पेटलेली. म्हणालो, माझ्याकडं बघ. तिनं बघितलं, पण माझ्या हातभर डावीकडं. म्हणालो, तिकडं नव्हे, इकडं. आता माझ्या उजवीकडं बघायला लागली. चिडून मी कॅमेऱ्यात तिचा चेहरा मोठा करून घेतला. ती हसत होती, फोटोसाठी हसतात तसं. आणि मागं नेलेल्या दोन्ही हातांनी कठडा गच्च धरला होता.

“आवं,” ती म्हणाली, “कुठं हाय तुमी?”

मी चार पावलांवर होतो.

कॅमेरा तसाच टाकून गेलो. हात धरून समोरच्या कठड्यालगतच्या बाकावर बसवलं. कधीपासून, विचारलं. दोन पावसाळे झाले म्हणाली. दिवसा चालतं. जवळचं तर चांगलंच दिसतं. लांबचं पुसट होतं आणि दिवेलागणीनंतर समोर उजेड असला की माणूसच नाहीसं होतं. बस्तीच्या पायरीवर एकदा पडली, मला सांगितलं नाही. शेजारच्या वैनींना दोनदा ओळखलं नाही, त्या रुसल्या. म्हणून नियम घेतला.

“खोटा न्हाई त्यो,” म्हणाली. “महाराजांच्या म्होरं घेतलाय. पर घेताना मनात भाव नव्हता, भ्या हुतं.”

मला का सांगितलं नाहीस, मी विचारलं.

“सांगून? माझ्या आईचा डोळा शिबिरात कापला आन् गेला. माझाबी नेला असता. आन् तुमी दुकान बंद करून माझ्यापाशी बसला असता. तुमी दिवसभर घरात म्हंजे भांड्याभांड्यातली चूक काढणार. त्यापरीस नियम बरा.”

आम्ही बसलो. लोक फोटो काढत होते. मग विचारलं, आता तुला काय दिसतंय? ती मधल्या झाडाकडं बघत होती.

“दिवं न्हाईत त्यी. येवढाली फुलं हायत, झेंडूची. एकात एक गेल्यात.”

मी कॅमेरा आणला. भिंगाची कडी हातानं फिरवत गेलो आणि मागचा पडदा तिच्या डोळ्यांजवळ धरला. जवळचं तिला दिसतंच. इतकं? नाही म्हणाली, आजून. आणखी फिरवली. आजून. आयुष्यभर ज्या बाजूला कडी गेली की मी फोटो फाडून टाकला, त्या बाजूला ती मला नेत होती.

“हां. आसं. आगदी आसं.”

पडद्यावर झाड नव्हतंच. निळ्यावर पिवळी गोल फुलं होती, पातळ, एकमेकांतून आरपार दिसणारी, कडेला जरा लाल. सुंदर होतं. आणि त्या सुंदरात मी कुठं उभा राहिलो असतो तरी दिसलो नसतो. बटण दाबलं.

परत येताना उसाच्या ट्रॉल्या होत्या, मागं लाल दिवा नसलेल्या. नेहमी ती स्कूटरच्या मागची दांडी धरते. काल माझा खांदा धरला होता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दोन गोष्टी झाल्या.

पहिली, प्रायश्चित्त. नियम मोडला तो माझ्यामुळं, तेव्हा प्रायश्चित्तही माझंच, असं गुणमालानं ठरवलं. मी उपास करतो म्हणालो. ती म्हणाली, उपास तुम्हाला सोपा आहे, दोन दिवस करून गावभर सांगाल. महिनाभर कुणाची चूक काढायची नाही. फोटोतली नाही, पाटीवरची नाही, माणसातली नाही. मला जमेल म्हणालो. तिनं नुसतं बघितलं.

दुसरी, महापुराच्या साली दुकानात पाणी शिरलं तेव्हा बुरशी धरलेलं एक भिंग मी टाकलं नव्हतं. ते कॅमेऱ्याला लावून देवघरातल्या दिव्याकडं धरलं आणि पडदा तिला दाखवला. दिव्याचं फूल झालं होतं. मग भिंग काढून चांगलं लावलं. दिवा झाला. म्हणालो, “कॅमेरा त्योच. फक्त भिंग बदललं. डॉक्टर एवढंच करतात.” हे मी पक्कं माहीत नसताना म्हणालो, अंदाजानं. ती बराच वेळ दोन्ही भिंगं हातात घेऊन बसली.

मग म्हणाली, “मिरजेच्या दवाखान्यात न्हाई. तिथं आर्धं नांद्रं बाकड्यावर बसलेलं आसतंय.”

प्राचीला फोन केला. ती रडली आणि मग मला रागावली. चूक तिची की माझी, हे काढायची सोय नव्हती.

२९ नोव्हेंबर, शनिवार, सातारा

डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकत आलेले. भिंग बदललं की झालं, म्हणाले. गुणमालानं माझ्याकडं बघितलं. मी आढ्याकडं बघितलं. आधी उजवा डोळा, डावा साधारण महिन्यानं. त्यांनी विचारलं, मधे कधी जवळचा चष्मा आपोआप सुटला होता का? असा मोतीबिंदू वाढताना तसं होतं म्हणे, लोक खूश होतात आणि दाखवायला उशीर करतात.

मी सुईदोऱ्याचं कौतुक करत होतो.

गुणमालानं आईच्या डोळ्याचं विचारलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, मग तेव्हा काय करत आणि आता काय करतात ते कागदावर डोळा काढून दाखवलं. डोळा वाकडा काढला होता. मी बोललो नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

जोडी देऊन आलो. दिवसाचा फोटो जुईखालच्या गुणमालेचा. रात्रीचा म्हणून फुलांचा, तिनं ‘आगदी आसं’ म्हटलेला. चौकट तीच आहे, माणूसही तोच आहे, फक्त रात्री त्याला जसं दिसतं तसं. खाली एवढंच लिहिलं, ‘गुणमाला मगदूम, दिवसा आणि संध्याकाळी’. गुणमालाला विचारून लिहिलं. गावाला कळेल म्हणालो. म्हणाली, कळू द्या, शेजारच्या वैनींचा रुसवा तरी जाईल.

सिद्धूला फोटो दाखवला. बराच वेळ उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, “आण्णा, ह्यात मी उभा ऱ्हायलो असतो तर काठी तरी दिसली असती.”

१३ डिसेंबर, शनिवार, सातारा

डोळा झाला. आत नेलं आणि चहा निवायच्या आत बाहेर आणलं. मी बाहेर बसून भिंतीवरच्या तसबिरी मोजण्याऐवजी णमोकार म्हणत होतो. देवाधर्मातला नसूनही.

१४ डिसेंबर, रविवार, सातारा

पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतंय? ती माझ्याकडं बघत होती. थेट माझ्याकडं.

“तुमची मिशी येवढी पांढरी कवा झाली?”

प्राची खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. मी म्हणालो, उजेड समोरून आहे, म्हणून तशी दिसतेय. ती म्हणाली, उजेडावर ढकलू नका.

२० डिसेंबर, शनिवार

प्रदर्शनवाल्यांचं उत्तर आलं. जोडी नाकारली. दुसऱ्या छायाचित्रात फोकस चुकला आहे, आणि त्यात माणूस दिसत नाही, सबब नियमात बसत नाही. माझं नाव चुकवून ‘गोपाळ’ लिहिलंय. वाक्यात दोन चुका आहेत. त्याखाली निवडलेल्या जोडीचा नमुना छापलाय, त्यात रात्रीचं आकाश काळंकुट्ट, दिव्यांची भोकं.

प्रायश्चित्ताचे चार दिवस बाकी आहेत. मी कागद घडी करून ठेवला. गुणमाला माझं तोंड बघून पदरात हसत होती. मग कागद स्वतः वाचला, हात लांब करून, कारण उजव्या डोळ्याला आता जवळचा चष्मा लागणार आहे. म्हणाली, “बराबर लिवलंय त्यांनी. मानूस कुठं दिसतोय?” मग टीव्ही लावायला सांगितला. दाराशीच बसून सगळे जुने फोटो परत बघितले. झाड कलंडलेलं, खाली अर्धं डोकं, हा फोटो तुम्ही ठेवलात कसा, म्हणाली. असे तिनं अकरा बाद केले, त्यातले नऊ मला आवडलेले होते. मी काही बोललो नाही. बोलायचं मनातही नव्हतं.

२८ डिसेंबर, रविवार

प्रायश्चित्त संपलं. उरलेल्या वर्षाच्या नियमाचं काय करायचं ते गुणमालानं उपाध्यांना विचारलं. भ्यालेल्या मनानं घेतलेला नियम आधी आरतीला येऊन देवापुढं सांगा, मग पुन्हा घ्यायचा की नाही ते ठरवा, म्हणाले. चार दिवस आरतीला गेली. आज जेवण उरकून स्वतःच म्हणाली, चला.

चैत्रबनात पोचलो तेव्हा आकाश निळं होत होतं. पाटीवर अजून ‘जाई’च आहे. सिद्धूनं माझ्याकडं बघून मिशीवर हात फिरवला, मीही त्याच्याकडं बघून पुढं गेलो.

दिवे लागले. गुणमालानं डॉक्टरांचा काळा चष्मा काढून हातात घेतला. आधी दोन्ही डोळ्यांनी बघितलं. मग डावा डोळा तळव्यानं झाकला. मग उजवा. मग पुन्हा डावा. पोरींचा खेळ चालावा तसं चाललं होतं.

“ह्या डोळ्यानं दिवा हाय,” म्हणाली. “लोखंड दिसतंय, खिळंबी दिसत्यात. त्या डोळ्यानं आजून फुलंच हायत.”

मी म्हणालो, महिनाभरात तोही होईल. तिनं विचारलं, दुसऱ्याची एवढी घाई आहे का? संक्रांत होऊ द्या. दोन्ही दिवे होऊन बसले की मग ही फुलं कुठली बघायला मिळणार.

डॉक्टर काय म्हणतील, प्राची काय म्हणेल, असं पुष्कळ तोंडात आलं होतं. भिंग बुरशीचं आहे, ते जपून ठेवायचं नसतं, हेही. मी म्हणालो, संक्रांतीनंतर बघू.

मग पिशवी कठड्यावर मांडली. तिला जुईखाली उभी राहा म्हणालो. हनुवटी, खांदा काही सांगितलं नाही. ती अजून डोळे मिटायच्या खेळातच होती आणि आकाश काळं व्हायला लागलं होतं, म्हणून थांबलो नाही, बटण दाबलं.

“आला का चांगला?”

पडद्यावर बघितलं. झाड सरळ होतं, दिवे सुटे सुटे, आकाश हवं तसं. “सगळं चांगलं आलंय,” मी म्हणालो. “पर तुजा एक डोळा मिटलाय. परत घेतो.”

“कुठला?”

पुन्हा बघितलं. फोटोत उजवीकडचा, म्हणजे तिचा डावा. फुलांचा.

“मग ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “तवा मी तुमच्याकडं बघत हुते.”